सोने धुण्याची पन्हळ निवडताना

गेवराई तालुक्याच्या उत्तर कडेने गोदावरी वाहते आणि तिच्या वाळूत धुऊन काढण्याजोगे सोने नाही. चकलांबा, उमापूर, मादळमोही या भागातल्या ज्या कोणाला मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून स्लूस बॉक्स, म्हणजे सोने धुण्याची पन्हळ, मागवायची हुक्की आली असेल, त्याने ही गोष्ट पैसे भरण्याआधी पक्की मनात धरावी. नंतर ‘पेटीच बोगस निघाली’ म्हणून विक्रेत्याशी भांडण्यात हशील नाही.

कारण खडकात आहे. त्र्यंबकेश्वरापासून नांदेडपर्यंत गोदावरी ज्या काळ्या पाषाणावरून येते, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला बेसाल्ट. नदीत सापडणारे सोने बहुतेक वेळा याहून कितीतरी जुन्या खडकांतल्या पांढऱ्या गारेच्या शिरांमधून सुटून येते. बीड जिल्ह्याच्या या भागात तसा खडक उघड्यावर नाहीच. मग पावसाने झिजवायचे काय आणि नदीने वाहून आणायचे काय? त्यात वर पैठणला जायकवाडी धरणाचा नाथसागर. वरून येणारा बराचसा गाळ जायकवाडीच्या भिंतीमागेच बसतो. तरीही कोणी राक्षसभुवनच्या घाटाखाली पन्हळ मांडून बसलाच, तर तिच्यातल्या आडव्या पट्ट्यांमागे जमेल ती चकचकीत काळी वाळू. लोहचुंबक फिरवला की ती त्याला लगडते. ते मॅग्नेटाइट, म्हणजे बेसाल्टच्या झिजेतून सुटलेले लोखंडाचे खनिज. सोबत अकीक आणि रंगीत गारगोट्या. शाळेतल्या मुलांना दाखवायला हा ऐवज झकास आहे, सराफाला दाखवायला नाही.

नाशिकच्या रामकुंडात पाण्याचा तळ चाळणारी माणसे दिसतात, त्यांना कधी नाणे, कधी सोन्याचा बारीक तुकडा मिळतो. पण ते सोने डोंगराने दिलेले नसते, माणसांनी अस्थींबरोबर किंवा नवसापोटी पाण्यात सोडलेले असते.

दुसरी अडचण कायद्याची आणि गेवराईत ती केवळ कागदावरची नाही. गोदाकाठची वाळूचोरी हा इथल्या रोजच्या बातम्यांचा विषय. फावडे, चाळणी आणि पंप घेऊन पात्रात उतरलेला माणूस हौशी आहे की चोरटा, हे महसूल पथकाला दुरून कसे कळावे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतल्या खनिजांवर हक्क शासनाचा. विनापरवाना गौण खनिज उपसले तर बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, शिवाय साहित्य आणि वाहन जप्त होते ते वेगळेच. सोने तर प्रधान खनिज. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय त्याचा शोध घेण्यालाही बंदी आहे, आणि कलम २१ मध्ये शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. ‘गंमत म्हणून’ असा वेगळा परवाना या कायद्यात नाही. आणि जुन्या गढीच्या पांढरीत मेटल डिटेक्टर फिरवण्याचा बेत असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आडवा येतो. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

मराठी मुलखात नदीतले सोने कुणीच धुतले नाही, असे मात्र नाही. पूर्व विदर्भात खडक बदलतो. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या साकोली पट्ट्याच्या जुन्या खडकांत भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत. वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, बालाघाटकडे, सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेती धूत आले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या जातीची वेगळी नोंद आहे. दक्षिणेला, जुन्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, कप्पतगुड्डच्या ओढ्यांमध्ये पावसाळ्यानंतर जालगार नावाचे लोक सोने धूत. त्या भागाच्या सोन्यावर रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये अहवाल लिहिला. लाकडी पाट आणि थाळी यांवर जालगारांचे सगळे काम चाले, आणि आजच्या ॲल्युमिनियमच्या स्लूसचे तत्त्व त्याहून वेगळे नाही. आता कप्पतगुड्ड अभयारण्य आहे, तेव्हा तिकडे सहल काढायची ती मोरांसाठी काढावी.

मग चकलांब्यात किंवा गेवराईत पन्हळ घेण्याला काही अर्थ उरतो का? उरतो, पण नदीसाठी नाही. सोने आपल्याकडे डोंगरात कमी आणि दुकानाच्या जमिनीवर जास्त सांडते. सोनाराच्या कानशीखाली पडणारा कीस, शेगडीतली राख, फुटलेल्या मुशीचे तुकडे, पॉलिशच्या ब्रशातला चिकट मळ, बैठकीखालच्या चटईतली धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ. हा केर विकत घेऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी, कुठे त्यांना धुळधोये म्हणतात, सराफ कट्ट्यांवर पूर्वीपासून आहेत. पेठेतली गटारे उपसून तो गाळ घमेल्यात फिरवणारेही तेच. त्यांनी जमवलेला माल शेवटी जातो गलाईवाल्याकडे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभरच्या सराफ पेठांतून स्थिरावली. बीडचा दुष्काळ माणसांना उसाच्या फडात घेऊन गेला, आटपाडीचा गलाईच्या भट्टीपुढे.

तेव्हा पन्हळ घेऊ पाहणारे वाचक मुख्यतः दोन. एक, ज्याचे स्वतःचे सराफी दुकान आहे किंवा जो दुकानांचा केर रीतसर पावतीवर विकत घेतो. दुसरा, ज्याचा मुलगा-सून मेलबर्नला किंवा लेक-जावई न्यूझीलंडला आहेत आणि जो सुट्टीत तिथल्या ओढ्यावर हौस भागवू शकतो. दोघांना लागणारी पेटी एक नव्हे. पहिल्याची निवड नीट केली नाही तर माल जातो, म्हणून आधी तिच्याकडे वळावे.

पन्हळ काम करते ती वजनाच्या फरकावर. पाण्याच्या तुलनेत सोने १९.३ पट जड, गारेची वाळू २.६५ पट. पाण्यात बुडाल्यावर दोघांचेही वजन त्यांनी सारलेल्या पाण्याइतके घटते, त्यामुळे हिशेब १८.३ विरुद्ध १.६५ असा उरतो. एकाच आकाराचा कण घेतला तर पाण्याखाली सोने वाळूच्या अकरा पट जड. खळ्यावर वाऱ्याला धरून उफणताना दाणा पायाशी आणि भुसा लांब पडतो, तेच काम इथे वाहते पाणी करते. आडव्या पट्टीला आपटून पाण्याचा छोटा भोवरा होतो, हलके वर उचलले जाते, जड खाली बसते. मॅग्नेटाइट ५.२ पट जड असल्यामुळे सोने त्याच्याहून पाण्याखाली फक्त सव्वाचार पट जड भरते, म्हणून काळी वाळू सोन्याबरोबरच अडकते.

दुकानाच्या केराचा प्रश्न याहून अवघड. त्यात तांबे आहे, चांदी आहे, कानशीचे लोखंड आहे. तांबे पाण्याच्या नऊ पट जड, चांदी साडेदहा पट. पाण्याखाली सोने चांदीच्या दुप्पटही भरत नाही. म्हणजे जगातली कुठलीही पन्हळ सोने-चांदी वेगळे करणार नाही. ती राख, माती, कोळसा आणि काच काढून टाकील आणि सगळे धातू एकत्र हातात देईल. ‘शुद्ध सोने देणारी पेटी’ असे कोणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरावे. वेगळे करण्याचे काम भट्टीचे आणि तेजाबाचे, म्हणजे गलाईवाल्याचे.

केर पन्हळीत घालण्याआधी जे करायचे त्यावर निम्मे यश ठरते, आणि विक्रेते याबद्दल फारसे बोलत नाहीत. पॉलिशच्या मळात मेण आणि तेल असते. ते चिकटलेला सोन्याचा कण पाण्यावर तरंगत सरळ बाहेर जातो. म्हणून केर आधी जाळतात, राख खलून बारीक चाळणीतून काढतात आणि सुक्यातच लोहचुंबक फिरवून लोखंड वेगळे करतात. जाळताना एक धोका आहे. जुन्या ‘केडीएम’ दागिन्यांच्या डाकात कॅडमियम वापरत आणि त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. केर कुठला आहे याची खात्री नसेल तर घराच्या अंगणात तो पेटवू नये, भट्टी आणि धुराडे असलेल्या ठिकाणी द्यावा. राख भिजवताना पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकले की पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि बारीक कण बुडतात. इतके साधे, पण न केल्यास महागडी चटईही व्यर्थ.

आता पेटी. घरगुती केरासाठी दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंद आणि साठ ते नव्वद सेंटिमीटर लांब एवढी पुरे. पुष्कळांना वाटते की लांबी वाढवली की पकड वाढते. पण नीट चाळलेल्या मालातले बहुतेक सोने पहिल्या तीसेक सेंटिमीटरमध्येच बसते. पुढची लांबी म्हणजे विमा. रुंदी मात्र विचारपूर्वक ठरवावी, कारण तिच्यावर पाण्याची गरज ठरते आणि पाणी ही बीड जिल्ह्यात साधी बाब नाही.

हिशेब करून पाहावा. परदेशी ओढ्यासाठी विकली जाणारी नेहमीची पेटी २५ सेंटिमीटर रुंद. तिच्यातून पाणी अडीच सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला पाऊण मीटर वेगाने वाहायचे तर सेकंदाला सुमारे ४.७ लिटर लागते, तासाला जवळजवळ १७,००० लिटर. ५,००० लिटरचा टँकर अठरा मिनिटांत रिकामा. उन्हाळ्यात गावात टँकर येतो त्या दिवशी ही पेटी चालवून दाखवण्याचे धाडस कोणी करू नये. बारा सेंटिमीटर रुंदीच्या पन्हळीला, तेही राखेसारखा बारीक माल असेल तर, पाण्याचा पाच-सहा मिलिमीटरचा थर पुरतो आणि कूलरचा चांगला पंप तेवढे पाणी देतो. तेच पाणी फिरवत राहायचे. पन्हळीचे खालचे टोक एका टबात, त्या टबावरून सांडणारे पाणी दुसऱ्यात, आणि पंप दुसऱ्यात. पहिल्यात गाळ बसतो. पाणी ताकासारखे दाट दिसू लागले की मात्र थांबून बदलावे, कारण दाट पाण्यात बारीक सोने बसायला वेळ लागतो आणि तोवर ते पेटीबाहेर गेलेले असते. बदललेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये, निवळू द्यावे आणि तळाचा गाळही जपून ठेवावा. झारेकरी पहिल्या धुण्याचा गाळ कधी फेकत नाहीत, ही त्यांच्याकडून उचलण्यासारखी सवय आहे.

पन्हळीच्या आत काय असावे यावर बाजारात सगळा गोंधळ. जुनी पद्धत म्हणजे तिरप्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर किंवा पुढे पत्र्याची जाळी आणि खाली नायलॉनच्या वेटोळ्यांची चटई. खडे-गोटे असलेल्या ओढ्यात ही जोडणी मजबूत. पण चटईच्या वेटोळ्यांत अडकलेली बारीक राख धुऊन काढायला अर्धा दिवस जातो आणि शेवटचे कण निघतीलच असे नाही. दुकानाच्या केराला उंच पट्ट्या नकोतच. त्यांच्यामागचा भोवरा इतका जोरदार असतो की पिठासारखे सोने पुन्हा उसळून वर येते. त्यापेक्षा बारीक रेघांचा रबर, किंवा पट्टीच्या जागी आडव्या खाचा असलेली साच्यातली रबरी चटई बरी. ती उचलून बादलीत झटकली की स्वच्छ. रंग काळा, गडद हिरवा किंवा निळा घ्यावा, पिवळा कण डोळ्याला लगेच दिसतो. काही विक्रेते चार-पाच प्रकारच्या चटया एकामागे एक बसवून पेटीची किंमत वाढवतात. पहिली चटई नीट असेल तर उरलेल्यांत फारसे काही सापडत नाही, आणि पहिलीच चुकीची असेल तर उरलेल्या ते भरून काढत नाहीत.

उतार हा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत जास्त चुकणारा. सुरुवातीला एका मीटरला सुमारे आठ सेंटिमीटर, म्हणजे फुटाला इंचभर, असा धरावा आणि पुढे मालाकडे पाहून कमी-जास्त करावा. पेटीच्या पायांना उंची बदलण्याची सोय नसेल तर ती घेऊ नये, विटांवर मांडलेली पन्हळ हाताच्या धक्क्याने हलते. पाणी सुरू असताना खाचांकडे पाहत राहावे. खाच गच्च भरून वरून माल नुसता सरकत असेल तर उतार किंवा पाणी कमी पडते आहे. खाच अगदी धुऊन निघून तळ दिसत असेल तर जास्त होते आहे. पट्टीमागे काळ्या, जड कणांची कोर टिकून आहे आणि तिच्यापुढची हलकी वाळू उकळल्यासारखी नाचते आहे, तेव्हा जमले असे समजावे. माल एका चमच्याने सावकाश आणि सारखा घालत राहावा. घमेले एकदम उपडे करणाऱ्याची पेटी कितीही भारी असली तरी सोने शेपटाकडून जाते.

आणि जाते की नाही, हे तपासायची सोपी युक्ती आहे. कोळ्यांच्या फेकजाळ्याला लावतात ते शिसे घ्यावे, त्याचे मिलिमीटरभराचे तुकडे कापून हातोडीने चपटे करावेत आणि मोजून वीस तुकडे बिनसोन्याच्या राखेत कालवून पन्हळीतून सोडावेत. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, सोन्याहून पुष्कळ हलके. वीसच्या वीस तुकडे पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात सापडले तर त्या आकाराच्या सोन्याची काळजी नाही. शेवटच्या खाचांत किंवा टबात तुकडे मिळाले तर उतार आणि पाणी पुन्हा जुळवावे. नंतर हात साबणाने धुवावेत आणि शिशाचे तुकडे बाटलीत वेगळे ठेवावेत. अशी चाचणी करून दाखवायला जो विक्रेता तयार नसतो, त्याच्याकडून घाई करून काही घेऊ नये.

पेटीवर खर्च करण्याआधी आणखी एक गोष्ट. एक किलो केर परातीत किंवा प्लास्टिकच्या थाळीत हातानेच धुऊन, जमलेला जड माल गलाईवाल्याकडे गाळून घ्यावा आणि वजन पाहावे. बारीक सोने डोळ्याला फार दिसते आणि तराजूला फार कमी. ०.१५ मिलिमीटर बाजूचा सोन्याचा कण एक मिलिग्रॅमच्या पंधराव्या भागाइतका. एक ग्रॅम भरायला असे पंधरा हजारांहून जास्त कण लागतात. किलोमागे काय मिळते हे कळले की महिन्याला किती केर जमतो त्यावरून पेटी परवडते की केर तसाच विकणे परवडते, हे गणित पाचवीचे पोरही करील. छोट्या दुकानाला बऱ्याचदा दुसरेच परवडते.

पारा या धंद्यातला जुना सोबती. तो सोन्याला धरून ठेवतो, मग मिश्रण तापवून पारा उडवतात. घरात हे कधीही करू नये. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि मज्जासंस्थेवर कायमचा परिणाम करते. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे, तरी ऑनलाइन व्हिडिओंत पारा अजून सर्रास दिसतो. शोऱ्याच्या तेजाबाचेही तेच. तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. पन्हळ आणि थाळी इथवरच हौशी माणसाची हद्द.

परदेशात नातेवाईक असणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त मोकळी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘माइनर्स राइट’ नावाचा कागद थोडक्या शुल्कात मिळतो, दहा वर्षे चालतो. त्यावर बॅलरॅट-बेंडिगोच्या जुन्या सोनपट्ट्यात ठरावीक सरकारी जमिनींवर हाताच्या अवजारांनी सोने शोधता येते. यंत्राने खणण्याला परवानगी नाही आणि काही नद्या पूर्ण वगळलेल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये ॲरोटाउनच्या ॲरो नदीसारखी काही क्षेत्रे जनतेसाठी खुली राखली आहेत. तिथे परवान्याशिवाय थाळी आणि बिनमोटरचा स्लूस चालतो. कॅलिफोर्नियाचे नाव सगळ्यांच्या तोंडी, कारण १८४८ मध्ये कोलोमाला जेम्स मार्शलला सोने दिसले ते तिथे. पण त्याच जागेच्या सरकारी उद्यानात आज फक्त हात आणि थाळी. स्लूस घेऊन गेलात तर तो गाडीतच राहील. नदीचा तळ यंत्राने शोषून घेण्यावर कॅलिफोर्नियाने २००९ मध्येच बंदी आणली. म्हणून पेटी मागवण्यापूर्वी कुठल्या ओढ्यावर जायचे ते ठरवून तिथला नियम वाचावा. नातवंडांना नुसती मजा दाखवायची असेल तर बॅलरॅटचे सोव्हरिन हिल हे उघड्यावरचे संग्रहालय पुरे. तिथल्या ओढ्यात व्यवस्थापनच सोन्याची चिमूट टाकते आणि पोरे ती शोधून काढतात.

ओढ्यावर नेण्याची पेटी घ्यायची तर वजन आधी बघावे. कीन कंपनीची ‘ए ५२’ ही अमेरिकेतली प्रसिद्ध पेटी सव्वा मीटरहून थोडी लांब, २५ सेंटिमीटर रुंद, ॲल्युमिनियमची आणि पाच किलोच्या आसपास. पाठीवर चालते, पण विमानाच्या बॅगेत मावत नाही. तीच कंपनी साधारण नव्वद सेंटिमीटरची धाकटी पेटीही विकते, आणि वर्षातून दोनदा ओढ्यावर जाणाऱ्याला ती बरी. तोंडाशी पसरट फाळके असलेली पेटी मंद ओढ्यातही पुरेसे पाणी ओढते. माल अर्ध्या इंचाच्या चाळणीतून काढूनच घालावा, कारण मोठा गोटा पट्टीवर आदळला की मागे बसलेले सोने उचकटते. चाळणी पेटीबरोबर येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि बहुतेकजण नेमके तेच विसरतात.

परतीच्या प्रवासात चटई हा त्रासाचा विषय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या नद्यांत २००४ मध्ये डिडिमो नावाचे शेवाळ आढळले, तेव्हापासून एका नदीतले साहित्य दुसरीत नेण्याआधी तपासणे, धुणे आणि पूर्ण वाळवणे सक्तीचे आहे. नायलॉनची वेटोळी दिवसेंदिवस ओल धरून ठेवतात. मातीने भरलेली चटई ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या विमानतळावर दाखवली नाही तर दंड होतो. गुळगुळीत रबरी चटईचा हा आणखी एक फायदा.

घरच्या केरासाठी ज्याला परदेशी पेटी महाग वाटते, त्याने गेवराईच्या किंवा बीडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जावे. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, तीन फूट लांब आणि अकरा इंच रुंद, दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच दुमडला की पाच इंच तळाची पन्हळ तयार होते. लोखंडी पत्रा घेऊ नये. तो गंजतो आणि लोहचुंबकाचे काम बिघडवतो. पत्रा सलग दुमडूनच करवावा, आत वेल्डिंगचा सांधा किंवा रिव्हेटचे डोके आले तर तिथे पाणी फाटते आणि चटई सपाट बसत नाही. पुढच्या दोन पायांना नट-बोल्टची उंची, मागच्या टोकाला चटई अडकवायला आडवी चाप-पट्टी. पाणी पडते त्या तोंडाशी चार इंच तळ मोकळा सोडावा, म्हणजे पाइपमधून उसळणारे पाणी पहिल्या खाचेआधी शांत होते. चटई रबराच्या दुकानात मीटरवर मिळते, बारीक रेघांची बघून घ्यावी. पन्हळ हातात आल्यावर तिला साबणाच्या गरम पाण्याने एकदा खरवडून धुवावे, कारण कारखान्यातल्या तेलाचा थर तसाच राहिला तर पहिल्या दिवशीचे बारीक सोने तरंगून टबात जाईल.